‘चांगलं चित्र’ म्हणजे कोणाचं चित्र?

आजच्या विषयाचं नाव वाचून एकदोघांनी विचारलं, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला टीव्हीच्या बाजाराशी काय देणंघेणं? आहे, देणंघेणं आहे. आपण नवा टीव्ही घ्यायला दुकानात जातो आणि विचारतो, “चित्र चांगलं आहे ना?” हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे. दुकानदार उत्तर देतो, “फोर के आहे, एकशेवीस हर्ट्झ आहे, एचडीआर आहे.” म्हणजे बघा, आपण गुणाबद्दल विचारलं, त्याने संख्या सांगितल्या, आणि आपलं समाधान झालं. हे समाधान कितपत खरं, ते आज तपासू.

घरच्या करमणुकीच्या साधनांवर लिहिण्या-बोलण्याचा आता एक स्वतंत्र प्रकारच तयार झालाय. बातम्या, रिव्ह्यू, अनबॉक्सिंग, दोन टीव्ही शेजारी ठेवून केलेली तुलना. मी हे सगळं आवडीने बघतो. त्यातले काही लोक खरोखर मेहनती आहेत. यंत्र लावून रंग मोजतात, पडद्यावरचा काळा रंग किती काळा तेही मोजतात. मोजण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मोजून झाल्यावर शेवटी जो शब्द येतो ना, ‘बेटर’, त्या शब्दाचा हिशेब कोणी देत नाही, ही माझी तक्रार आहे.

दर जानेवारीत अमेरिकेत लास वेगासला सीईएस नावाचं मोठं प्रदर्शन भरतं. वर्षभराच्या बातम्यांचा सूर तिथे लागतो. २०१० साली तिथे थ्रीडी टीव्हीचा गजर होता. ‘अवतार’ नुकताच, डिसेंबर २००९ मध्ये, आला होता. आता घरोघरी चष्मे लावून टीव्ही बघणार, असं वातावरण होतं. २०१७ मध्ये सोनी आणि एलजी या उरलेल्या मोठ्या कंपन्यांनीही नव्या टीव्हींमधून थ्रीडी काढून टाकलं. मधल्या काळात वक्र पडद्याचे टीव्ही आले, त्यांचंही कौतुक झालं, तेही मागे पडले. वस्तू अपयशी होतात, त्यात काही गैर नाही. पण ज्या ठिकाणी ‘हेच भविष्य’ असं छापलं गेलं, तिथे नंतर ‘ते भविष्य का नव्हतं’ याची चिकित्सा फारशी झाली नाही. पुढचं भविष्य आलं होतं ना, वेळ कुठे होता?

मग आलं एट के. थोडा हिशेब करू, पाटीवरचा हिशेब आहे, कोणालाही जमेल. फोर के म्हणजे आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके, एकूण सुमारे ८३ लाख. एट के म्हणजे त्याच्या चौपट, सुमारे ३ कोटी ३१ लाख. आकडा मोठा आहे, शंका नाही. आता ५५ इंची टीव्ही घ्या. त्याची रुंदी साधारण १२२ सेंटिमीटर. म्हणजे फोर केचा एक ठिपका एक-तृतीयांश मिलिमीटरपेक्षाही किंचित लहान. निरोगी डोळ्याला ढोबळमानाने एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन वेगळा ओळखू येतो. या मापाने साधारण ११० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेतीन फुटांच्या पलीकडे बसलात, की फोर केचेच ठिपके सुटे दिसत नाहीत. आपल्या हॉलमध्ये सोफा आठ-नऊ फुटांवर असतो. मग एट केचे चौपट ठिपके बघणार कोण? इथे ‘बेटर’ हा शब्द पडद्याबद्दल खरा आहे, बघणाऱ्याबद्दल खरा नाही. बातमी मात्र फक्त पडद्याची असते. सोफ्याची बातमी होत नाही.

ही झाली सोपी गोष्ट. आता अवघड गोष्टीकडे येतो. तिथे आकडा वाढतो, फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो, आणि तरीही ‘चांगलं’ झालं की नाही, हा प्रश्न उरतोच.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस बोलपट आले तेव्हा हा वेग कायम झाला. त्याआधी, फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला त्या काळात, कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग कमीजास्त होई. ध्वनी आला तसं असं चालेना, कारण वेग बदलला की आवाज बदलतो. म्हणून २४. त्यामागे काही दैवी संकेत नव्हता, आवाज नीट ऐकू यावा आणि फिल्म फार खर्ची पडू नये इतका व्यवहारी विचार होता.

आजच्या टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा ताजा होतो. साठला चोवीसने भाग जात नाही. म्हणून एक फ्रेम तीनदा, पुढची दोनदा, असं दाखवत न्यावं लागतं, आणि कॅमेरा संथपणे एका बाजूकडून दुसरीकडे फिरला की चित्र किंचित अडखळतं. १२०ला भाग जातो, प्रत्येक फ्रेम पाच वेळा. पण आताचे पडदे इतके चपळ आहेत, की २४ फ्रेममधला प्रत्येक टप्पा डोळ्यांना जाणवतो. तेव्हा इंजिनिअर मंडळींसमोर खरी अडचण होती, हे आधी मान्य करू.

त्यांनी काढलेला उपाय असा. टीव्हीतली चिप शेजारच्या दोन फ्रेम बघते, कुठली वस्तू कुठून कुठे गेली याचा अंदाज करते आणि मधल्या फ्रेम स्वतः बनवते. सोनी त्याला मोशनफ्लो म्हणते, एलजी ट्रूमोशन म्हणते, सॅमसंगने ऑटो मोशन प्लस असं नाव दिलं होतं. नावं वेगळी, काम एकच. अडीच तासांचा चित्रपट घ्या. त्यात २ लाख १६ हजार फ्रेम असतात. पूर्ण १२०ने चालवला तर १० लाख ८० हजार होतात. म्हणजे ८ लाख ६४ हजार फ्रेम तुमच्या भिंतीवरच्या यंत्राने रचल्या. कॅमेऱ्यासमोर ते क्षण कधी टिपलेच गेले नाहीत. पाच फ्रेममधली एक चित्रपटाची आणि चार टीव्हीच्या!

आणि दिसतं कसं? गुळगुळीत. हात हलतो तो लोण्यावरून सुरी फिरावी तसा. पुष्कळांना पहिल्या झटक्यात ते आवडतं. पण घरातलं कोणीतरी म्हणतं, “अहो, हा पिक्चर असा सिरियलसारखा काय दिसतोय?” इंग्रजीत या परिणामाला ‘सोप ऑपेरा इफेक्ट’ असंच नाव आहे. अमेरिकेतल्या दैनंदिन मालिका फिल्मवर न घेता व्हिडिओवर घेत, आणि व्हिडिओ सेकंदाला साठ वेळा हालचाल टिपे. तो तुकतुकीतपणा प्रेक्षकांच्या मनात मालिकेशी जोडला गेला.

आता हा “सिरियलसारखा” शब्द फार मोलाचा आहे. कुठल्याही रिव्ह्यूच्या तक्त्यात त्याला रकाना नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली रुचीच्या निकषावर निबंध लिहिला. त्यात डॉन किहोटेमधली एक गोष्ट तो सांगतो. दोन जाणकार एकाच पिंपातली वाइन चाखतात. एकाला तिच्यात चामड्याची चव लागते, दुसऱ्याला लोखंडाची. लोक हसतात. पिंप रिकामं होतं तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली जुनी किल्ली सापडते. आपल्या घरातल्या त्या बाईंना मोशन इंटरपोलेशन हा शब्द माहीत नाही. पण त्यांना किल्लीची चव लागली आहे. पिंपात ८ लाख ६४ हजार किल्ल्या आहेत! अशा वेळी घरातला गॅजेटवेडा मुलगा म्हणतो, “आई, तुला कळत नाही, हे बेटर आहे.” कळलंय आईलाच. शब्द नाही, इतकंच.

तो शब्द कुठून आणायचा? आपल्याकडे आहे. नाट्यशास्त्रात भरताने दोन धर्म सांगितले, लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. लोकात जसं घडतं तसं दाखवणं ते लोकधर्मी. संकेताने, रीतीने, नाटकाच्या स्वतःच्या नियमाने दाखवणं ते नाट्यधर्मी. पुढे सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्तांनी त्यावर टीका लिहिली आणि रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक असं, की समोरचा माणूस, जागा आणि वेळ विशिष्टच राहतात. म्हणजे प्रेक्षकाच्या मनात ‘हा अमका नट, हे अमकं ठिकाण, आत्ता रात्रीचे नऊ’ एवढंच टिकून राहतं. मग दुष्यंत दुष्यंत होत नाही. हे विघ्न कशाने दूर होतं? पूर्वरंगाने, मुकुटाने, वेशाने, नाट्यधर्मी संकेतांनी. थोडक्यात, खोटेपणाच्या या खुणा कृतीला मारक नाहीत. नटाला झाकून पात्राला वाट करून देणं हे त्यांचं काम आहे.

२४ फ्रेम हा सिनेमाचा असा नाट्यधर्म झाला आहे, असं माझं म्हणणं आहे. मुळात तो व्यवहारातून आला, मान्य. मुकुटही आधी पुठ्ठाच असतो. पण शंभर वर्षांच्या आसपास छायालेखकांनी, संकलकांनी, नटांनी त्या वेगात काम केलं. हालचालीतला तो किंचित धूसरपणा, ते किंचित तुटणं, यातून पडद्यावरचं जग आपल्या खोलीच्या जगापासून अलग झालं. टीव्ही ते अंतर पुसतो. मग समोर तुकोबा दिसत नाहीत, मेकअप केलेला नट दिसतो. राजवाडा दिसत नाही, रंगवलेलं प्लायवुड दिसतं. चित्र वास्तवाच्या जवळ गेलं हे खरंच आहे. पण कुठल्या वास्तवाच्या? चित्रीकरणाच्या दिवशीच्या. कथेच्या नव्हे.

गॅजेटच्या बातम्यांना ‘जास्त खरं’ हा एकच निकष माहीत आहे. ‘खिडकीतून बघितल्यासारखं’ ही त्यांची सर्वोच्च स्तुती. क्रिकेटच्या सामन्याला ती शोभते. चेंडू बॅटची कड घेऊन गेला का, हे मला खिडकीतून बघितल्यासारखंच दिसायला हवं. सामना लोकधर्मी आहे. सिनेमा त्याच खिडकीत बसवला, की त्याचा धर्म बदलतो. एकाच पडद्यावर दोन धर्म नांदतात आणि यंत्र दोघांना एकच न्याय लावतं. माझा आक्षेप असा आहे.

यावर चित्रपटकारही बोलले आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी छोटा व्हिडिओ काढून लोकांना सांगितलं, की ही सोय बंद करा. ऑगस्ट २०१९ मध्ये टीव्ही बनवणारे आणि स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने ‘फिल्ममेकर मोड’ जाहीर केला. मार्टिन स्कोर्सेसी, क्रिस्टोफर नोलन असे दिग्दर्शक त्याच्या मागे उभे राहिले. हा मोड लावला की बनावट फ्रेम बंद, जास्तीची धार काढणं बंद, रंग ठरलेल्या मापावर, आणि चित्राचा आकार मूळचा. उत्साही मंडळींनी स्वागत केलं, मीही केलं. पण लगेच सगळीकडे एक वाक्य रूढ झालं, ‘दिग्दर्शकाच्या मनात होतं तसं चित्र’. आणि प्रश्न सुटला असं सगळ्यांना वाटलं.

तो सुटलेला नाही. विम्सॅट आणि बिअर्ड्सली या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९४६ सालीच मांडलं होतं, की कर्त्याचा हेतू हा कृतीचं मोल ठरवण्याचा निकष होऊ शकत नाही. टीव्हीच्याच जगातलं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये पीटर जॅक्सनचा ‘द हॉबिट’ काही चित्रपटगृहांत सेकंदाला ४८ फ्रेमने दाखवला गेला. टीव्हीने काही केलं नव्हतं, दिग्दर्शकाच्याच मनात ४८ होते. आणि अनेक समीक्षकांनी काय म्हटलं? सेट सेटसारखे दिसतात. हेतू शुद्ध, कर्ता मोठा, तरी विघ्न आलं ते आलंच. उलट २०२२च्या ‘अवतार’च्या दुसऱ्या भागात जेम्स कॅमेरॉनने ४८ सगळीकडे वापरले नाहीत. काही दृश्यांना दिले, काहींना २४चाच भाव ठेवला. म्हणजे कुठल्या दृश्याचा धर्म कोणता, हे त्याने दृश्यागणिक ठरवलं. हा विवेक आहे. दिग्दर्शकाच्या नावापेक्षा मी या विवेकाला मान देईन.

दुसरी अडचण घराची. एप्रिल २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग आला आणि जगभरातून ओरड झाली, की काही दिसतच नाही. छायालेखकाचं उत्तर साधारण असं होतं, की लोकांना टीव्ही नीट लावता येत नाही, अंधारात बघायला हवं. हेतू म्हणून ठीक आहे. पण आपल्या हॉलमध्ये ट्यूबलाइट असते, समोर खिडकी असते, आजोबांना औषध द्यायचं असतं, मुलाचा अभ्यास चालू असतो. घर म्हणजे चित्रपटगृह नव्हे, आणि तसं नसणं हा घराचा दोष नव्हे. अंधाऱ्या खोलीसाठी तयार केलेलं चित्र उजेडाच्या घरावर लादणं, ही दुसऱ्या प्रकारची मुजोरीच आहे.

इथे एक हुशार श्रोता मला अडवेल. तो म्हणेल, “सर, तुम्ही शुद्धतेबद्दल बोलताय, पण शुद्ध चित्र घरात आलं होतं कधी?” प्रश्न बरोबर आहे. जुन्या टीव्हीची आपली पद्धत पाल, सेकंदाला २५ फ्रेमची. पाल पद्धतीच्या देशांत २४ची फिल्म सरळ २५ने चालवायची रीत होती. म्हणजे अडीच तासांचा सिनेमा १४४ मिनिटांत संपतो आणि आवाज चढतो. किती? दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सुमारे सात-दशांश. काळी एकमधलं गाणं पांढरी दोनच्या जवळ जाऊन पोचतं! आणि अशा चढ्या सुरातल्या सिनेमांवरही लोकांनी मनापासून प्रेम केलंच.

मग तेव्हा चाललं ते आता का चालू नये? माझ्या मते फरक दोन ठिकाणी आहे. तेव्हाचा बदल नाइलाजाचा होता. पाइप अरुंद होता, त्यातून जे जाईल ते गेलं. आणि त्या बदलात चित्रपटात नव्याने काही भरलं गेलं नाही. आजचा बदल नाइलाजाचा नाही, कारण तोच टीव्ही तोच चित्रपट न बदलता दाखवू शकतो. तरी बहुतेक टीव्ही ही सोय आधीच चालू करून घरी येतात. का? दुकानात झगझगीत उजेडात दहा टीव्ही रांगेत असतात. तिथे जो जास्त भडक आणि जास्त गुळगुळीत, तो विकला जातो. म्हणजे दुकानातल्या अर्ध्या मिनिटासाठी ठरलेलं चित्र आपण पुढची आठ-दहा वर्षं बघतो. आणि कोणी ते ठरवलं, हे आपल्याला सांगितलेलं नसतं. रुची वेगवेगळी असू शकते. एखाद्याला गुळगुळीत चित्र खरोखर आवडत असेल तर त्याने ते खुशाल बघावं, माझं काही म्हणणं नाही. पण निवड त्याने केलेली असावी. न विचारता केलेल्या निवडीला आपण ‘सेटिंग’ म्हणतो, हा भाषेचा घोटाळा आहे.

या घोटाळ्याची किंमत काय? एक डोळ्यासमोरचं उदाहरण देतो. प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९३६ सालचा. त्याचं चित्र जवळजवळ चौकोनी आहे, चारास तीनच्या आसपास. आजचा पडदा सोळास नऊ. कडेला काळ्या पट्ट्या दिसल्या की ‘पडदा वाया जातोय’ असं म्हणून कोणीतरी रिमोटवरून चित्र ताणतं. ताणलं की रुंदी सुमारे एक-तृतीयांशाने वाढते. तुकोबा स्थूल होतात, इंद्रायणीकाठची माणसं बुटकी होतात. वर गुळगुळीतपणा चालू असेल, तर वैकुंठगमनाचा प्रसंग एखाद्या स्टुडिओतल्या तालमीसारखा दिसतो. ज्या नातवाने हा चित्रपट पहिल्यांदाच असा पाहिला, तो म्हणणार, “जुने पिक्चर बोअरच असतात.” त्याने पाहिलाच नाही. पण आपण पाहिला असं तो आयुष्यभर समजणार. कृती नष्ट झाली तर निदान कळतं तरी. ती बदलून समोर आली आणि बदल कोणाला जाणवला नाही, तर शोकसुद्धा होत नाही.

म्हणून गॅजेटवर लिहिणाऱ्या तरुण मित्रांना माझी विनंती आहे. मोजा, जरूर मोजा. पण ‘बेटर’ लिहिण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. कशासाठी बेटर, सामन्यासाठी की सिनेमासाठी? कुठे बेटर, कोणत्या खोलीत, किती अंतरावर, किती उजेडात? आणि हे कोणी ठरवलं, कारखान्याने, दिग्दर्शकाने की बघणाऱ्याने? या तीन ओळी प्रत्येक रिव्ह्यूत आल्या, तर निम्मे आकडे आपोआप गळून पडतील. उरलेल्यांना अर्थ येईल.

आणि श्रोत्यांसाठी आज गृहपाठ आहे, जुनी सवय जात नाही. तुमच्या चांगल्या ओळखीचा एखादा चित्रपट लावा. कॅमेरा संथपणे फिरतो असं एक दृश्य निवडा. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जा, ‘मोशन’ हा शब्द असलेली सोय शोधा, ती बंद करून दृश्य बघा, मग चालू करून बघा. हे एकट्याने करू नका. घरातल्या सगळ्यांना, ज्यांना यातलं काही कळत नाही असं तुम्हाला वाटतं त्यांना आधी, शेजारी बसवा आणि फक्त विचारा, “कसं वाटतं?” उत्तर मध्येच तोडू नका. नंतर जे पटेल ते ठेवा.

ते झालं, की पुढच्या वेळी प्रश्नोत्तरांत तुमची निरीक्षणं सांगा, त्यावर बोलू. आज इथेच थांबतो.